पिशवीतली बिअर: घरच्या गॅसवर, अख्ख्या धान्यापासून, दहा लिटर

इथे ऑस्ट्रेलियात घरी बिअर करणाऱ्यांची सुरुवात बहुतेक वेळा डब्यापासून होते, म्हणजे सुपरमार्केटमधून तो बार्लीच्या काळ्या चिकट अर्काचा डबा आणायचा, त्यात किलोभर साखर ओतायची, वरून नळाचं पाणी आणि यीस्ट, झालं. पिण्याजोगी होते, नाही असं नाही, पण पातळ लागते आणि सगळ्यांच्या घरची चव साधारण सारखीच. मग कोणीतरी सांगतं की अरे धान्यापासून कर, ऑल ग्रेन, आणि त्याच्या गॅरेजमधल्या तीन टाक्या, पंप, पाइप, स्टँड बघून माणूस परत डब्याकडे वळतो. त्या तीन टाक्यांची गरज नाही हो. एक मोठं पातेलं आणि एक कापडी पिशवी एवढ्यात अख्ख्या धान्याची बिअर होते, आणि ही पद्धत आली पण इथूनच, २००० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्याच घरगुती ब्रुअर मंडळींनी एकमेकांशी वाद घालत, आकडे मांडत ती पक्की केली आणि आता जगभर लोक 'ब्रू इन अ बॅग' म्हणून तीच करतात.

आधी कायद्याचं, कारण ते विचारणारे निघतातच. इथे स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही, आणि दारू गाळायची म्हणजे डिस्टिल करायची तर अजिबात नाही, तो वेगळा गुन्हा आहे. महाराष्ट्रात असाल तर हे वाचून करायला जाऊ नका, तिथे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं हाच गुन्हा आहे, मग ते चार बाटल्या का असेना. पुण्या-मुंबईत ज्या मायक्रोब्रुअरी चालतात त्या लायसन काढून चालतात. सिंगापूर, लंडन, न्यू जर्सी वगैरे ठिकाणी असाल तर तिथले नियम आधी बघून घ्या.

आता मी जे सांगतेय ते मुद्दाम लहान प्रमाणात सांगतेय, फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यात, दहा लिटर जाईल एवढं. तेवीस लिटरचा घाणा करणारे जास्त आहेत पण त्याला चाळीस लिटरचं भांडं लागतं, घरच्या गॅसवर ते उकळत नाही, मग इलेक्ट्रिक अर्न (पाणी तापवायची विजेची टाकी) घ्या, पुली लावा, असं वाढत जातं. दहा लिटरला २० लिटरचं स्टीलचं पातेलं पुरतं, जे आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे गणपतीच्या प्रसादासाठी म्हणून आणलेलं असतंच. इंडक्शन असेल तर बुडाला लोहचुंबक चिकटतोय ना ते बघा.

पैसे कुठे घालायचे याबद्दल माझं मत एकदम ठाम आहे. पातेलं कसलंही चालेल, पिशवी स्वस्तातली चालेल, पण थर्मामीटर चांगला घ्या, पटकन रीडिंग देणारा डिजिटल, आणि उरलेले पैसे बिअर आंबताना तापमान धरून ठेवायच्या सोयीवर घाला. लोक उलटं करतात, चकचकीत ऑल इन वन मशिन घेतात आणि मग फर्मेंटर ठेवतात लाँड्रीत, जिथे जानेवारीत ३५ अंश असतात, आणि म्हणतात बिअरला नेलपॉलिशसारखा वास का येतोय.

पिशवीचं कापड म्हणजे व्हॉइल, पडद्यांचं जाळीदार पॉलिस्टर कापड असतं ना ते. ब्रू शॉपमध्ये शिवलेली मिळते, नाहीतर कापड आणून घरी शिवा, फक्त पिशवी पातेल्याच्या तोंडावर उलटी दुमडता येईल एवढी मोठी आणि बुडापर्यंत सैल पोचणारी हवी. पंचा किंवा सुती फडकं घेऊ नका, ते फुगतं, भोकं बुजतात आणि आतलं पाणी खाली येतच नाही. शिवण दुहेरी घाला कारण ओलं धान्य जड असतं.

याशिवाय हायड्रोमीटर (रसात तरंगून साखर किती आहे ते दाखवतो) आणि त्याची उंच नळी, १५ लिटरच्या आसपासचा झाकणवाला फर्मेंटर एअरलॉकसकट (आतला गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत येऊ न देणारी छोटी झडप), ग्रॅममध्ये मोजणारा काटा (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, ती पाच-दहा ग्रॅममध्ये मोजायची असतात, किचनचा जुना काटा उपयोगाचा नाही), बाटल्या आणि बुचं. आणि सॅनिटायझर, त्यावर पुढे बोलू.

रेसिपी साधी पेल एल, म्हणजे फिकट रंगाची एल प्रकारची बिअर, इथल्याच मालाची:

पेल एल माल्ट २.३ किलो
लाइट क्रिस्टल माल्ट २०० ग्रॅम
प्राइड ऑफ रिंगवूड हॉप्स ८ ग्रॅम, ६० मिनिटं उकळायचे
गॅलक्सी हॉप्स १० ग्रॅम शेवटच्या १० मिनिटांना, आणि अजून १५ ग्रॅम गॅस बंद केल्यावर
यूएस-०५ यीस्ट, साडेअकरा ग्रॅमच्या पुडीतलं अर्धं
पाणी १६ लिटर

यातून ओजी म्हणजे सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत रस किती दाट त्याचा आकडा, साखर जास्त तेवढा तो जास्त) १.०४८ च्या आसपास येते, आंबून झाल्यावर १.०१० च्या आगेमागे, अल्कोहोल साधारण ५ टक्के, कडवटपणा ३० आयबीयूच्या जवळपास. प्राइड ऑफ रिंगवूड म्हणजे मेलबर्नच्या पूर्वेला जे रिंगवूड आहे ना, आपली बरीच मंडळी राहतात तिकडे, तिथेच तयार केलेली हॉप्सची जात, जुन्या ऑस्ट्रेलियन लागर बिअरची ती ओळखीची कडवट चव हिचीच. गॅलक्सी तिच्या मानाने नवी, पॅशनफ्रूट आणि पीचचा वास, म्हणून ती शेवटी टाकायची, तासभर उकळली तर वास सगळा चिमणीवाटे जाणार आणि नुसता कडूपणा मागे राहणार.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. ती दुकानातच दळून घ्या, आणि सांगा की पिशवीसाठी आहे, जरा बारीक करा. टाक्यांच्या पद्धतीत टरफल अख्खं राहावं लागतं कारण तेच गाळणीचं काम करतं, इथे गाळणी पिशवी आहे त्यामुळे बारीक चालतं आणि साखर जास्त निघते. तरी पीठ करू नका. मिक्सरमध्ये फिरवलं तर अर्धं पीठ आणि अर्धे अख्खे दाणे राहतात, अख्ख्या दाण्यातून काहीच निघत नाही आणि पिठाचा पिशवीत चिखल होतो.

पाणी. मेलबर्नचं पाणी एकदम मऊ, डोंगरातल्या धरणांचं, बिअरला उत्तम पण क्लोरीन असतंच. क्लोरीनचं आणि माल्टचं जमलं की बँडेजसारखा औषधी वास येतो जो कशानेही जात नाही. त्यावर उपाय फुटकळ आहे, सोडियम मेटाबायसल्फाइटची चिमूटभर पूड (कॅम्पडेन गोळी मिळते, तिचा पाव तुकडा खूप झाला) १६ लिटरमध्ये ढवळून टाका, दोन-चार मिनिटांत क्लोरीन गेलं. मऊ पाण्यात कॅल्शियम कमी म्हणून मी ३ ग्रॅम जिप्सम आणि २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड पण टाकते, पहिल्या वेळी नाही टाकलं तरी बिअर होईल, घाबरायचं कारण नाही. ॲडलेड, पर्थकडच्या लोकांचं पाणी वेगळं असतं, त्यांनी आपल्या वॉटर कंपनीचा रिपोर्ट बघूनच क्षार टाकावेत.

१६ लिटर कुठून आले ते पण सांगते, म्हणजे तुमच्या पातेल्याप्रमाणे बदलता येईल. फर्मेंटरमध्ये दहा लिटर हवेत, तळाशी गाळासोबत एक लिटर सोडावं लागतं, तासभर उकळताना साधारण तीन लिटर वाफ होऊन जातात, आणि अडीच किलो धान्य पिळल्यानंतरही पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी धरून ठेवतं. झाले सोळाच्या आसपास. तुमचा गॅस मोठा असेल, ते मधलं वोक बर्नर, तर वाफ जास्त जाईल, पहिल्यांदा करताना उकळी येण्याआधी आणि नंतर पट्टी बुडवून उंची लिहून ठेवा, मग पुढे कधी अंदाज लावावा लागत नाही.

तर पाणी गॅसवर ठेवा आणि ६९ अंशांपर्यंत न्या. आपल्याला हवेत ६६, पण धान्य थंड असतं ते टाकलं की तीनेक अंश उतरतात. हिवाळ्यात गॅरेजमधलं गार धान्य असेल तर अजून एक अंश वर. ६९ झाले की गॅस बंद करा, पातेल्याच्या तळाला एक उलटी स्टीलची ताटली किंवा केकची गोल जाळी ठेवा म्हणजे पिशवी बुडाला चिकटून जळणार नाही, पिशवी लावून तोंडावर दुमडा आणि क्लिपा लावा. मग एकाने धान्य हळूहळू ओतायचं आणि दुसऱ्याने लांब चमच्याने ढवळायचं, गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत, गुठळीच्या आत कोरडं पीठ राहिलं की तेवढी साखर गेली. एकटे असाल तरी जमतं, फक्त घाई करू नका. पातेलं आता पावणेअठरा लिटरपर्यंत भरेल, २० च्या पातेल्यात बसतं बरोबर.

तापमान बघा, तीन ठिकाणी बघा कारण मध्ये आणि कडेला फरक असतो. ६५ ते ६७ च्या मध्ये कुठेही असेल तर हात लावू नका. ७० असेल तर थोडं गार पाणी टाकून ढवळा आणि उतरवा लगेच, ६३ असेल तर मंद गॅसवर ढवळत ढवळत वर न्या, ढवळणं थांबवायचं नाही. इथे नेमकं काय चालू असतं तर धान्यातली एन्झाइम्स स्टार्च तोडून साखर करत असतात, आणि त्यात मुख्य दोन आहेत, एकाला ६२-६५ चं तापमान आवडतं आणि तो यीस्टला खाता येईल अशी साधी साखर करतो, दुसऱ्याला ७० च्या आसपासचं आवडतं आणि तो लांब साखळ्यांची साखर मागे ठेवतो जी यीस्ट खात नाही. म्हणून ६४ ला केलेली बिअर कोरडी आणि हलकी, ६९ ला केलेली जाड आणि थोडी गोडसर. एकाच रेसिपीत नुसता पाच अंशांचा फरक करून दोन वेगळ्या बिअर होतात, म्हणून म्हटलं थर्मामीटरवर पैसे घाला.

झाकण लावा, पातेलं गॅसवरून उतरवून (उतरवता येत नसेल तर तिथेच, गॅस पूर्ण बंद आणि बर्नर गार झाल्यावर) गोधडीत गुंडाळा. आजीच्या हातची गोधडी नको, डाग पडतात, जुनी बघा. ६० मिनिटं. अर्ध्यावर एकदा उघडून ढवळा आणि तापमान बघा, दोन अंश उतरले असतील तर चालतं. या तासात फर्मेंटर धुवून घ्या, हॉप्स मोजून वाट्यांमध्ये काढून ठेवा, नंतर वेळ मिळत नाही.

तास झाला की पिशवी उचलायची. याआधी जमलं तर ढवळत ढवळत ७५ पर्यंत तापवा, वर्ट म्हणजे हा धान्याचा गोड रस पातळ होतो आणि पटकन निथळतो, सक्ती नाही. पिशवीचं तोंड गोळा करून पीळ मारा आणि हळू वर घ्या, हातात रबरी हातमोजे पाहिजेत, आणि पोरंबाळं स्वयंपाकघराच्या बाहेर. श्रीखंडाचा चक्का टांगतो तशीच टांगायची, फक्त हा चक्का सुरुवातीला सहा-सात किलोचा आणि वाफाळता आहे, म्हणून नळाला वगैरे बांधू नका, पातेल्यावर ओव्हनची जाळी आडवी टाका आणि त्यावर पिशवी ठेवा, दहा मिनिटांत बरंचसं खाली येतं. मग पिळा. जोरात पिळा. जुने लोक सांगतात पिळलं की टरफलातलं टॅनिन उतरतं आणि तुरट होते, पण टॅनिन दाबाने उतरत नाही, पाण्याचा पीएच ६ च्या वर गेला आणि वर ते खूप गरम असलं की उतरतं, आपल्या मॅशचा, म्हणजे या धान्य-पाण्याच्या मिश्रणाचा, पीएच त्याच्या बराच खाली असतो. पिळून येणारा लिटरभर वर्ट पण गोडच असतो, तो सोडायचा कशाला.

आता पातेल्यात चौदा लिटर, लाडूच्या पाकासारखा नाही पण चहाच्या रंगाचा गोड रस असेल. त्यातला थोडा वाटीत काढून २० अंशांपर्यंत गार करून हायड्रोमीटर लावा, १.०३७-१.०३८ दिसलं पाहिजे. गरम वर्टमध्ये लावू नका, रीडिंग चुकतं आणि काच तडकते ते वेगळंच. कमी आलं, समजा १.०३३, तर वीस-तीस मिनिटं जास्त उकळा किंवा थोडं ड्राय माल्ट एक्सट्रॅक्ट (माल्टच्या अर्काची पूड) टाका किंवा सरळ सोडून द्या, साडेचार टक्क्यांची बिअर काही वाईट नसते. पुढच्या वेळी दळण बारीक करा, बहुतेक वेळा कारण तेच असतं. जास्त आलं तर पाणी घाला, यात अवघड काही नाही.

गॅस मोठा करा. १४ लिटरला उकळी यायला घरच्या गॅसवर अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर झाकण अर्धवट ठेवलं तरी चालेल. बाहेरचा प्रोपेन बर्नर घरात पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइड होतो, ते अंगणातच. उकळी यायच्या क्षणी मात्र समोर उभं राहा कारण पांढरट फेस एकदम वर येतो आणि दूध जसं उतू जातं त्याच्या दुप्पट वेगाने हे जातं, आणि शेगडीवर सांडलेला वर्ट वाळला की कडक होतो, निघता निघत नाही. स्प्रे बॉटलमध्ये गार पाणी भरून जवळ ठेवा, फेसावर मारलं की बसतो. फेस बसला की प्राइड ऑफ रिंगवूड टाका आणि ६० मिनिटांचा टायमर लावा. आता झाकण नाही, एक्झॉस्ट चालू. झाकण लावून उकळलं तर माल्टमधून डीएमएस नावाचं एक संयुग निघतं ते वाफेबरोबर बाहेर जात नाही, परत आत पडतं, आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. पिल्सनर माल्ट वापरलात तर हा त्रास जास्त म्हणून लोक ९० मिनिटं उकळतात, पेल एल माल्टला साठ पुरे.

शेवटची दहा मिनिटं राहिली की गॅलक्सीचे दहा ग्रॅम, आणि बिअर नितळ हवी असेल तर व्हर्लफ्लॉकची पाव गोळी. वेळ संपली, गॅस बंद, उरलेले पंधरा ग्रॅम टाका, ढवळा, दहा मिनिटं झाकून ठेवा.

इथून पुढे नियम बदलतात. आतापर्यंत काहीही पडलं तरी उकळून मरणार होतं, आता जे वर्टला लागेल ते सगळं सॅनिटाइझ केलेलं पाहिजे, चमचा, थर्मामीटर, झाकण, नळी, तुमचे हात. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे लक्षात घ्या, आधी स्वच्छ धुणं आणि मग सॅनिटाइझ करणं, घाणेरड्या भांड्यावर सॅनिटायझर मारून उपयोग शून्य. धुवायला सोडियम परकार्बोनेट, बिनवासाचं लाँड्री सोकर मिळतं त्यात तेच असतं, गरम पाण्यात घालून भिजवा आणि खळखळून धुवा. डिशवॉशिंगचा साबण नको, त्याचा वास आणि तेलकटपणा राहतो आणि बिअरचा फेस मारतो. सॅनिटाइझ करायला स्टारसॅन, एका लिटरला दीड मिली, दोन मिनिटं ओलं राहिलं की काम झालं, परत धुवायचं नाही, आतला फेस पण राहू द्या, चालतो. हे पचायला आपल्याला जड जातं, भांड्यात फेस ठेवून वर रस ओतायचा म्हणजे, पण तसंच करायचं असतं.

गार करायच्या दोन तऱ्हा. एक, सिंकमध्ये गार पाणी भरून त्यात पातेलं ठेवायचं, दहा-दहा मिनिटांनी पाणी बदलायचं, पन्नास अंशांच्या खाली आलं की सिंकमध्ये बर्फ, आणि सॅनिटाइझ केलेल्या चमच्याने आत हळू ढवळायचं. पाऊण-एक तासात २० ला येतं. बर्फ आदल्या दिवशी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांमध्ये जमवून ठेवा, ट्रेमधले चौकोनी तुकडे पुरत नाहीत. दुसरी तऱ्हा खास इथली, नो चिल म्हणतात, म्हणजे गारच करायचं नाही. एचडीपीईचा जाड प्लास्टिकचा चौकोनी कॅन (खाली त्रिकोणात २ आकडा असतो), त्यात गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी गरम गरम वर्ट नळीने भरायचा, कॅन दाबून आतली हवा काढायची, बूच घट्ट, आणि आडवातिडवा करून गरम वर्ट हँडलच्या आतपर्यंत पोचवायचा म्हणजे तो कॅन आतून आपोआप जंतुमुक्त होतो. रात्रभर ठेवा, सकाळी फर्मेंटरमध्ये. ज्या देशात दुष्काळात बागेला पाणी घालायलाही वार ठरवून दिलेले असायचे तिथे पन्नास-साठ लिटर पाणी नुसतं गार करायला सांडणं लोकांना पटेना, त्यामुळे ही पद्धत इथे रुजली. एक लक्षात ठेवा, कॅनमध्ये वर्ट तासन् तास गरम राहतो त्यामुळे शेवटी टाकलेले हॉप्स कडू होत राहतात, म्हणून नो चिल करणार असाल तर दहा मिनिटांवाले हॉप्स गॅस बंद केल्यावर टाका आणि शेवटचे पंधरा ग्रॅम सकाळी फर्मेंटरसाठी राखून ठेवा. आणि कॅन आठवडेच्या आठवडे शेल्फवर ठेवू नका. वर्ट म्हणजे हवाबंद, आंबट नसलेलं, गोड पाणी, त्यात बोटुलिझमचा धोका कागदावर का होईना असतो, दुसऱ्या दिवशी यीस्ट टाकून मोकळं व्हायचं.

वर्ट २० च्या खाली आला की फर्मेंटरमध्ये ओता, वरून धार पडू द्या, फेस आला तरी हरकत नाही, तळाचा हिरवट गाळ पातेल्यातच सोडा. हायड्रोमीटरचं रीडिंग घ्या, लिहा, हा तुमचा ओजी. यीस्टची पुडी आणि कात्री पण सॅनिटाइझ करा, अर्धी पुडी, सहा ग्रॅमच्या आसपास, वरून भुरभुरवा, आधी पाण्यात भिजवायची गरज नाही. उरलेली पुडी घट्ट बंद करून फ्रिजमध्ये आणि लवकर वापरा. झाकण, एअरलॉक, झालं.

खरं तर बिअर आता सुरू होते. आपण दिवसभर केला तो गोड काढा, बिअर यीस्ट करतं, आणि त्याला १८ ते २० अंश हवेत, पहिले तीन-चार दिवस तर अगदी कटाक्षाने कारण चवीचं जे बरंवाईट व्हायचं ते तेव्हाच होतं. वर्ट आंबताना स्वतः पण गरम होतो, खोली २१ असली तर आत २३-२४ असू शकतात, म्हणून थर्मामीटर फर्मेंटरला बाहेरून चिकटवा आणि त्यावर फडक्याची घडी बांधा, खोलीचं तापमान बघून समाधान मानू नका. सगळ्यात भारी उपाय म्हणजे रस्त्याकडेला कोणीतरी टाकायला काढलेला चालू फ्रिज आणि त्याला पन्नास-साठ डॉलरचा टेंपरेचर कंट्रोलर. ते नसेल तर फर्मेंटर मोठ्या टबात पाण्यात ठेवा, वर ओला टॉवेल, आणि सकाळ-संध्याकाळ पाण्यात गोठवलेल्या बाटल्या बदला, उन्हाळ्यातही निभतं. मेलबर्नचा हिवाळा मात्र एल बिअरसाठी वरदान, आतल्या कपाटात ठेवा आणि विसरून जा.

बारा ते चोवीस तासांत वर फेसाचा जाड थर येतो. नाही आला तरी छत्तीस तास धीर धरा. एअरलॉकमध्ये बुडबुडे येत नाहीत म्हणून सारखं झाकण उघडू नका, बरेचदा झाकणातून गॅस निसटत असतो एवढंच. बुडबुडे थांबले म्हणून झाली असंही नाही. दहा दिवसांनी हायड्रोमीटर, दोन-तीन दिवसांनी परत, आकडा तोच आणि १.०१० च्या आसपास असेल तर झाली. नमुन्याची चव घ्या, गॅस नसलेली कोमट बिअर लागेल, नळीतलं परत फर्मेंटरमध्ये ओतायचं नाही.

बाटल्या भरताना जी काळजी घ्यायची ती चवीची नाही, जिवाची आहे. आंबणं अर्धवट असताना भरल्या किंवा साखर जास्त झाली तर काचेची बाटली फुटते, आणि ती साधी फुटत नाही. पहिल्या वेळी तपकिरी पीईटी बाटल्या घ्या, दाबून बघता येतं किती कडक झाल्यात ते. काचेच्या घ्यायच्या तर बिअरच्याच जाड बाटल्या, बूच हाताने फिरवून उघडायच्या पातळ बाटल्या टाळा, जॅमच्या बरण्या आणि सॉसच्या बाटल्या तर नाहीच. पारदर्शक आणि हिरव्या पण नकोत, उजेडाने हॉप्समधल्या घटकांचं काहीतरी वाईट होतं आणि घाण वास येतो.

साखर लिटरला सहा ग्रॅम, साधी पांढरी, म्हणजे दहा लिटरला साठ. थोड्या पाण्यात पाच मिनिटं उकळून गार करा, दुसऱ्या स्वच्छ बादलीच्या तळाशी ओता, त्यावर बिअर नळीने अलगद सोडा म्हणजे आपोआप मिसळते, मग बाटल्या भरा. अलगद म्हणजे खरंच अलगद, सुरुवातीला धार चालली पण आता हवा लागली तर महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. ७५० मिलीच्या बारा-तेरा बाटल्या निघतील. वर दोन-तीन बोटं जागा ठेवा, बुचं लावा, २० च्या आसपासच्या तापमानाला अंधारात दोन आठवडे. मग दोन दिवस फ्रिजमध्ये, त्याने गॅस बिअरमध्ये मुरतो.

उरलेल्या धान्याचं काय, हा प्रश्न आपल्या लोकांना पडतोच, अडीच किलो धान्य टाकवत नाही. साखर गेलेली असते पण कोंडा आणि प्रोटीन शिल्लक असतं. त्याच दिवशी ओव्हनमध्ये मंद तापमानाला पसरून कडक वाळवा, मग मिक्सरमध्ये पीठ करा आणि थालीपीठाच्या भाजणीत चार वाट्यांना एक वाटी या हिशेबाने मिसळा, कांदा थोडा जास्त घाला. त्यापेक्षा जास्त घातलं तर टरफलं दातात येतात. ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशीच आंबूस वास मारायला लागतं, तेव्हा सरळ कंपोस्टमध्ये. घरात कुत्रा असेल तर पातेल्यातला हॉप्सचा गाळ त्याच्या तोंडी लागणार नाही असा टाका, हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात.

बाटलीच्या तळाशी यीस्टचा पातळ थर असतो, तो असणारच, म्हणून एका दमात ग्लासात ओता आणि शेवटचं बोटभर बाटलीत सोडा. पाहुण्यांना हे आधी सांगा, नाहीतर ते बाटली हलवून बघतात. आणि बाटली रिकामी झाली की तिथल्या तिथे दोनदा गरम पाण्याने विसळून उलटी ठेवा, तो थर एकदा वाळला की नंतर ब्रश घालून बसावं लागतं.